कोणत्या दारी काय मागावे?

परळी वैजनाथ म्हटले की यात्रेकरूला वैद्यनाथाचे देऊळ आठवते, प्रवाशाला रेल्वेचे जंक्शन आठवते आणि आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी आठवतात. परंतु या तिन्हींपासून दोनचार कोसांवर जी लहान लहान खेडी आहेत, त्यांचा कारभार कोण पाहतो, कोणत्या नियमाने पाहतो आणि तेथील रहिवाशाने कोणती गोष्ट कोणाकडे मागावयाची, हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. व्याख्यानमालेत लोक संतांविषयी ऐकावयास येतात, इतिहास ऐकावयास येतात. घरपट्टीविषयी ऐकावयास कोणी आपण होऊन येत नाही. तथापि ज्या माणसाची घरपट्टीची पावती हरवली आहे, किंवा ज्या बाईच्या मुलाच्या जन्माची नोंदच झालेली नाही, तिला हाच विषय जगण्याचा विषय होऊन बसतो.

आमचे शालेय शिक्षण थोडे. कायदा जो काही समजला तो युनियनच्या कचेरीत, अडलेल्या माणसांच्या कागदांवरून समजला. म्हणून वकिली भाषेत न बोलता, जसे कळले तसे सांगण्याचा विचार आहे.

मागची थोडी हकिकत

मराठवाड्यातील जुन्या मंडळींना निजामी अमदानीतला गावगाडा ऐकून तरी ठाऊक आहे. वसूल पाहणारा माली पाटील, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील आणि दफ्तर सांभाळणारा पटवारी. हक्क वंशपरंपरेने चालत. रयतेने या तिघांपुढे उभे राहावयाचे, एवढाच तिचा कारभाराशी संबंध. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या राज्याने जो १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम केला, त्याचा अंमल १९५९ च्या जूनपासून सुरू झाला, आणि तोच अधिनियम पुढे अनेक दुरुस्त्या होऊन आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने आपल्या गावांना लागू आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या उभ्या राहिल्या. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला खुद्द राज्यघटनेत जागा मिळाली.

या सर्व तारखांचा अर्थ एवढाच की, जी माणसे पाटलापुढे उभी राहत होती, ती कायद्याने गावाच्या कारभाराची सभासद झाली. कागदावरचे हे सभासदत्व अंगी मुरले आहे काय, हा प्रश्न निराळा. त्याकडे आपण पुढे येऊच.

तीन दारे

गावच्या माणसाचा पहिला घोटाळा होतो तो दाराचा. सरकार म्हणजे एकच मोठे घर आहे अशी त्याची समजूत असते. वस्तुतः गावात त्याची निदान तीन दारे आहेत, आणि एका दारीची गोष्ट दुसऱ्या दारी मागितली तर हेलपाट्याखेरीज काही मिळत नाही.

पहिले दार ग्रामपंचायतीचे. येथे सात ते सतरा निवडून आलेले सदस्य असतात आणि सरपंच असतो. २०२२ पासून सरपंचाची निवड पुन्हा थेट मतदारांतून होऊ लागली आहे. मुदत पाच वर्षांची, आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव. कागदपत्र सांभाळणारा नोकर म्हणजे ज्याला आपण सगळे ग्रामसेवक म्हणतो तो; २०२४ च्या निर्णयाने त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी हे नाव मिळाले. गावठाणातील रस्ता, गटार, दिवाबत्ती, पिण्याचे पाणी, साफसफाई, घरपट्टी, घराची नोंद, विवाहनोंदणी ही कामे या दारची. याच्या वर परळीची पंचायत समिती व तेथील गटविकास अधिकारी, आणि त्याच्याही वर बीडची जिल्हा परिषद व तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी.

दुसरे दार तलाठ्याचे. हे महसूल खात्याचे. सातबारा, फेरफार, शेतजमिनीची वारसनोंद, पीकपाहणी ही कामे येथली. याच्या वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी व जिल्हाधिकारी. रेशनकार्डाचे कामही तहसीलच्या पुरवठा शाखेत होते, ग्रामपंचायतीत नव्हे.

तिसरे दार पोलीस पाटलाचे. आजचा पोलीस पाटील वतनदार नव्हे. तो १९६७ च्या कायद्याखाली नेमलेला असतो. गावातील गुन्ह्याची, अपमृत्यूची किंवा दंग्याची खबर ठाण्यापर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम.

आता एक उदाहरण घ्या. घरचा कर्ता माणूस गेला. त्याच्या नावे दोन एकर कोरडवाहू जमीन आणि गावठाणात दोन खोल्यांचे घर. विधवा तलाठ्याकडे जाते, वारसनोंद होते, सातबाऱ्यावर तिचे व मुलांचे नाव लागते, आणि काम झाले असे ती समजते. परंतु घर अजून मयताच्याच नावे आहे! कारण घराची नोंद ग्रामपंचायतीच्या दफ्तरात, आणि तलाठ्याने केलेल्या नोंदीची त्या दफ्तराला खबर नसते. पुढे दुरुस्तीसाठी अनुदान मागावयाची वेळ येते तेव्हा हे उघडकीस येते. म्हणून मृत्यूचा दाखला हाती आला की दोन अर्ज करावेत, एक तलाठ्याकडे आणि एक ग्रामपंचायतीकडे. जमिनीवर वारसाने हक्क आला तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असे १९६६ चा जमीन महसूल अधिनियम सांगतो.

नावांचाही एक घोटाळा येथे सांगून ठेवतो. ग्रामपंचायतीचा 'नमुना ८' आणि तलाठ्याचा '८-अ' या दोन निरनिराळ्या चिजा आहेत. नमुना ८ ही घरांच्या कर आकारणीची वही. ८-अ हा खातेदाराच्या एकंदर शेतजमिनीचा उतारा. बँकेने ८-अ मागितला आणि माणूस नमुना ८ घेऊन गेला, असे नेहमी घडते. शिवाय नमुना ८ वर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. कर कोणाकडून घ्यावयाचा एवढेच ती वही सांगते. गावठाणातील घरांना मालकीचा कागद असावा म्हणून स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली व ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावाची मोजणी झाली असल्यास ती पत्रिका काळजीपूर्वक वाचावी, आणि चूक असल्यास तेव्हाच हरकत घ्यावी.

घरपट्टी म्हणजे दंड नव्हे

घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी हे कर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली बसतात. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर आकारली जाऊ लागली. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. नवी यादी लागली की ती पाहणे, चूक असल्यास लेखी हरकत देणे आणि तेथे दाद न लागल्यास पंचायत समितीकडे अपील करणे, हा करदात्याचा हक्क आहे. चौकात कुरकुर केल्याने आकारणी बदलत नाही; ती बदलते लेखी हरकतीने.

युनियनमध्ये आम्ही वर्गणी गोळा करतो. जो वर्गणी भरतो तोच सभेत उठून हिशेब विचारतो, हा आमचा अनुभव. ग्रामपंचायतीचेही तसेच आहे. कर भरून पावती जपून ठेवणारा माणूस तोंड वर करून विचारू शकतो की, आमच्या पैशाचे काय केले? उलट, बिल मिळून तीन महिन्यांत जो कर भरत नाही, त्याला ग्रामपंचायतीचे सदस्यत्व गमवावे लागू शकते, अशी तरतूद कलम १४ मध्ये आहे. नियम सदस्यांनाही सोडीत नाही, हे लक्षात असावे.

गावाजवळ कारखाना असेल तर आणखी एक कलम माहीत हवे. कलम १२५ प्रमाणे ग्रामपंचायत कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार करू शकते. वीज केंद्र आणि साखर कारखाना असलेल्या आपल्या तालुक्यात हे कलम निरुपयोगी नव्हे. असा करार झाला आहे काय, किती रकमेचा आणि किती वर्षांचा, हे ग्रामसभेत विचारता येते.

पैसा केवळ करांतून येतो असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ८० टक्के भाग आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतींकडे आला, आणि २०२१ ते २०२६ या काळात त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांच्यासाठी बांधलेली होती. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतीवर आहे. हे आकडे पाठ असलेली एक बाई सभेत असली, तरी सभेची भाषा बदलते.

ग्रामसभा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची बैठक नव्हे. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ग्रामपंचायत ही कार्यकारिणी आणि ग्रामसभा ही सर्वसाधारण सभा. वर्षाचा जमाखर्च, हिशेब तपासनिसाचे शेरे, पुढील वर्षाचा आराखडा आणि घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी, हे सर्व तिच्यापुढे आले पाहिजे. वर्षातून निदान चार सभा भरल्या पाहिजेत. सभेची सूचना आगाऊ द्यावयाची. त्याआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावयाची. सरपंचाने सबळ कारणाशिवाय सभा बोलावल्या नाहीत, तर त्याचे पद जाऊ शकते.

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतील जी संख्या कमी असेल ती. सहाशे मतदारांचे गाव धरा. नव्वद माणसे हवीत. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे वीस माणसे बसून जो ठराव करतील, तो सहाशेंचा ठराव! आपण घरी राहिलो म्हणजे ठराव थांबतो असे नव्हे. तो आपल्यावाचून होतो.

सभेच्या वहीवर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी वर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही करू नका हे आम्ही कामगारांना आयुष्यभर सांगत आलो. ग्रामसभेच्या कोऱ्या पानालाही तोच नियम लागू आहे.

अर्धा गाव बाहेर असतो तेव्हा

बीड जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावांतील कोयते निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या उसाच्या फडांवर पाच-सहा महिने काढावयाचे. परत येणे होळी-पाडव्याच्या पुढेमागे, कारखान्याचा पट्टा पडेल तसे. या काळात गावात उरतात म्हातारी माणसे, लहान मुले आणि ज्यांना बाहेर जाण्याची गरज नाही अशी घरे.

आता ग्रामसभांच्या रूढ तारखा पाहा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पुढील वर्षाच्या गाव विकास आराखड्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळाभर चालते. म्हणजे गाव ज्या महिन्यांत रिकामे असते, नेमक्या त्याच महिन्यांत गावाचे पुढचे वर्ष ठरते. २६ जानेवारीच्या सभेला ऊसतोड कामगार नसतो. ज्याला घरकुलाची सर्वांत अधिक गरज, तोच यादी वाचली जाताना फडात असतो. यात कोणी मुद्दाम कपट केले असे म्हणण्याची गरज नाही. दिनदर्शिका ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांपुढे बारमाही गावात राहणारा शेतकरी होता. सहा महिने परमुलखात राबणारा मजूर नव्हता.

यावर उपाय काय? आम्ही तीन सुचवितो, आणि तिन्ही आजच्या कायद्यात बसणारे आहेत. पहिला, लाभार्थी निवडीचे व आराखड्याच्या मागण्यांचे विषय १ मे आणि १५ ऑगस्टच्या सभांत घ्यावेत. चारहून अधिक सभा घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. पाडव्यानंतर एक खास सभा कोणतेही गाव भरवू शकते. दुसरा, फडावर जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपली मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. माणूस सभेत नसला तरी त्याचा कागद सभेत असतो. तिसरा, ग्रामपंचायतीने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी करावी. ऊसतोड कामगारांची नोंद व ओळखपत्रे ग्रामसेवकांमार्फत देण्याचे काम २०२१ पासून सुरू झाले आहे. त्या नोंदीचा उपयोग सभेच्या तारखा ठरविण्याकडेही व्हावा.

बाहेर गेल्याने हक्क जातात, ही समजूतही सोडली पाहिजे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा स्पष्ट सांगतो की, तात्पुरते घर सोडल्याने माणूस तेथील रहिवासी राहत नाही असे होत नाही. कामासाठी परगावी आहे एवढ्यावरून मतदारयादीतून नाव उडवता येत नाही. रेशनचे धान्यही आता आपल्याच दुकानातून घ्यावे अशी सक्ती राहिलेली नाही. एक देश एक रेशनकार्ड या व्यवस्थेने ते फडाजवळच्या रास्त भाव दुकानातून घेता येते. मुलांसाठी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहे जिल्ह्यात चालत आली आहेत. मात्र किती मुले मागे राहणार हे मुख्याध्यापकाला आणि शाळा व्यवस्थापन समितीला जाण्यापूर्वी कळले, तरच त्यांची सोय होते.

सर्वांत नाजूक प्रश्न जन्माच्या नोंदीचा. १९६९ चा कायदा असा की, जन्म जेथे झाला तेथेच त्याची नोंद व्हावयाची. बाळंतपण अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाले तर नोंद अंबाजोगाईस, आई परळी तालुक्यातली असली तरी. फडावरच्या कोपीत झाले तर नोंद त्या गावी. चालत्या वाहनात झाले तर वाहन जेथे प्रथम थांबेल तेथे. मुदत २१ दिवसांची. तोवर फी नाही. तीस दिवसांपर्यंत थोडी विलंब फी देऊन काम होते, पुढे वर्षापर्यंत वरिष्ठांची परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाखेरीज नोंद होत नाही. पुष्कळ आईबाप असे समजतात की, गावी परत गेल्यावर आपल्या ग्रामपंचायतीत नोंद करू. परत येईपर्यंत चार महिने गेलेले असतात, आणि गावचा ग्रामसेवक नियमानेच सांगतो की हे काम येथले नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. म्हणून मुकादमांना आणि टोळीतल्या शहाण्या बायांना आमचे सांगणे आहे: बारशापूर्वी नोंद करा, आणि दाखला हाती घेतल्यावाचून तो मुलूख सोडू नका. घरपट्टीची थकबाकी आहे म्हणून जन्माची नोंद अडविण्याचा अधिकार या कायद्याने कोणाला दिलेला नाही.

काम अडले तर

तोंडी मागणीला कारभारात किंमत नाही, हे पहिले. अर्ज लेखी द्यावा, तारखेसह पोच घ्यावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे कोणती सेवा, किती दिवसांत आणि कोणता अधिकारी देणार, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. जन्म, मृत्यू व विवाह यांचे दाखले आणि नमुना ८ चा उतारा या सेवा त्यात येतात. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण अडवणूक करणाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जमाखर्च किंवा ठरावाची नक्कल हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत.

कारभाराविषयीची तक्रार पायरीपायरीने करावी: प्रथम ग्रामपंचायत, मग परळीचे गटविकास अधिकारी, मग बीडचे मुख्य कार्यकारी अधिकारी. सरपंचाच्या किंवा सदस्याच्या गैरवर्तनाची बाब असेल तर कलम ३९ खाली अधिकार छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांचा. एकदम मंत्र्याला निवेदन देण्याची आपल्याकडे हौस आहे. ते निवेदन फिरून त्याच गटविकास अधिकाऱ्याच्या मेजावर येते आणि मधे दोन महिने जातात.

एकट्याने जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे. सरपंच, ग्रामसेवक हे काही आपले शत्रू नव्हेत. एका ग्रामसेवकाकडे कधी कधी दोन गावांचा भार असतो, आणि नियम सांगणारा अर्जदार पुढे आला तर चांगल्या नोकराचे काम सोपेच होते. परंतु एक विधवा अर्ज घेऊन गेली तर तिला उद्या ये म्हणणे सोपे असते; तिच्याबरोबर गल्लीतल्या चार बाया असल्या तर कागद त्याच दिवशी घेतला जातो. यालाच आम्ही संघटना म्हणतो. तिला झेंडा असलाच पाहिजे असे नाही.

यंदा पट्टा पडून माणसे घरी आली आहेत आणि १ मेची ग्रामसभा तोंडावर आहे. तो कामगार दिनही आहे. ज्यांनी आज येथे ऐकले त्यांनी त्या दिवशी आपापल्या गावच्या सभेला जावे, घरकुलाची यादी मोठ्याने वाचण्यास सांगावे, आणि पुढील लाभार्थी निवड ऊसतोडीच्या हंगामात घेऊ नये असा ठराव मांडावा. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. एवढी दोन माणसे प्रत्येक गावातून मिळावीत, अशी आमची विनंती आहे.